जिन्याखालचा काळोख

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या ओळीत, एक झेरॉक्सचं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. चष्मा कपाळावर चढवलेला, आणि हातात येईल तो कागद आधी उजेडाकडे धरून बघायची सवय.

मी बदलापूरहून माझ्या निबंधसंग्रहाची प्रत काढायला गेलो होतो. विषय फिल्म न्वार, म्हणजे जुने, काळोखे गुन्हेपट; सोबत त्यांतल्या दृश्यांचे फोटो जोडलेले. बदलापुरात या विषयाचा दुसरा जाणकार नाही. पहिलाही नसावा. संग्रह दुसऱ्या दिवशी प्रकाशकाला द्यायचा होता.

गठ्ठा देताना बाई म्हणाल्या, "फोटो लय डार्क होते सर, काहीच दिसत नव्हतं. मी सगळे ब्राइट करून दिले."

मी घाईघाईने गठ्ठा चाळला. एका फोटोतल्या जिन्याखालच्या काळोखावर मी अकरा पानं लिहिली होती. तो काळोख म्हणजे नायकाचा अपराधभाव, हे माझं लाडकं मत. आता तिथे एक बादली दिसत होती. बादलीवर पोछा वाळत घातला होता.

"याच्यावर अकरा पानं आहेत हो," मी म्हणालो.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि फोटो उजेडाकडे धरला. "कोणीतरी लादी पुसत होतं वाटतं. लिहायच्या आधी बघून घ्यायचं ना सर."

इतकी नेमकी समीक्षा माझ्या वाट्याला पुन्हा आली नाही. मागे कोणी उभं नाही ना, ते मी पाहिलं आणि हळूच म्हणालो, "हा एवढा एक परत काळा करून द्या."