शेवटच्या माणसाचं सीमांत उत्पादन

“शून्य,” सर म्हणाले आणि फळ्यावरच्या शून्याभोवती खडूने गोल मारला. “ज्याच्या येण्याने एकही मासा जास्त मिळत नाही, त्यालाही तुम्ही वाटा देता. म्हणून तुमचा किनारा होता तिथेच राहिला.”

वर्ग हसला. मी फळ्याशेजारी उभी. हातातला खडू घामाने ओला झालेला.

एम.ए.चं पहिलं वर्ष, अर्थशास्त्र. जिल्ह्यातल्याच एका कॉलेजातलं पदव्युत्तर केंद्र. मी तोंडवलीची, मासेमारी करणाऱ्या गाबितांची मुलगी, एसटी बदलून यायचे. सर शहरातून आलेले. हुशार माणूस, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी उत्पादनाचा सिद्धांत शिकवत होते. कारखान्याचं उदाहरण देऊन कंटाळले असावेत. म्हणाले, “किनाऱ्यावरचं कोण आहे? रापणीला किती माणसं लावायची हे कसं ठरवतात?”

मी हात वर केला. त्या वर्गात पहिल्यांदाच मला काहीतरी येत होतं. भडाभडा सांगितलं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूत उभा राहून गाव ओढतो. किती माणसं ते कोणी ठरवत नाही. दोराला हात लावेल त्याला वाटा. म्हातारा असो, उशिरा आलेला असो.

“आणि त्याच्या ओढण्याने काही फरक पडत नसेल तर?”

“तरी मिळतो, सर.”

तेव्हा त्यांनी मला पुढे बोलावलं. एक रेघ काढली. माणसं वाढली तशी रेघ चढली, मग सपाट झाली. सपाट भागावर बोट ठेवून म्हणाले, “इथला डेरिव्हेटिव्ह काढ.” मी नुसती बघत राहिले. मग त्यांनीच ते शून्य लिहिलं: शेवटच्या माणसाचं सीमांत उत्पादन, म्हणजे त्याच्या येण्याने वाढलेले मासे. मी पुटपुटले की असं नसतं, सर. ते म्हणाले, “मग समीकरण मांडून दाखव. नाहीतर खाली बस. इथे भावना चालत नाहीत.”

मी खाली बसले.

सपाट रेघेवरचा तो शेवटचा माणूस माझी आई होती. बाबा गेले त्यानंतरच्या पावसाळ्यात ती खडकावर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाड वाकडंच जुळलं. तिच्या मुठीत काही धरवत नाही. तरी रापण लागली की ती जाते, दोरावर हात ठेवून इतरांबरोबर मागे मागे चालते. तिच्या हाताने काही ओढलं जात नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. वाटप होतं तेव्हा तिच्या टोपलीत बांगडे पडतात, तारले पडतात. त्यावर मी वाढले.

आणि खरं सांगते, त्या क्षणी मला सरांचं म्हणणं पटलं. आईची लाज वाटली. एवढं कोणी माझ्याकडून कधी काढून घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये बाजारपेठेतल्या एका पोराने हाक मारली. “काय शून्यताई, आज बांगडे नाय हाडलंस?” ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

मला डेरिव्हेटिव्ह का येत नव्हता? मठ्ठ होते म्हणून? आठवीपर्यंत गणितात मला बरे मार्क पडायचे. नववीत आमच्या शाळेत दोन वाटा केल्या. एकीकडे बीजगणित, भूमिती. दुसरीकडे सामान्य गणित, सोपं, नापास होऊ नये म्हणून. गणिताचे मास्तर एकेकाला उभं करून वाट दाखवत होते. शेट्यांचा मुलगा, बीजगणित. डॉक्टरांची मुलगी, बीजगणित. माझ्यापाशी आले आणि हसून म्हणाले, “तुका खंय इंजिनेर होवचा आसा? मासे विकूक सामान्य पुरे.” ते हसले म्हणून मीपण हसले. आमच्या वाडीतली सगळी मुलं सामान्यला गेली. महारवाड्यातलीही सगळी. बीजगणिताच्या तासाला आम्हाला मैदानावर पाला झाडायला पाठवत. आईने विचारलंसुद्धा नाही. मास्तर सांगतात म्हणजे पोरीच्या भल्याचंच सांगत असणार, असा तिचा विश्वास.

पुढे आर्ट्स. तिथे गणित नव्हतंच. बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं, गाइडं पाठ केली. मागणीचा वक्र खाली का येतो, हे मी झोपेत सांगितलं असतं. तो वक्र माझ्यासाठी चित्र होता, रांगोळीसारखा. हात बसला होता, बस्स. फर्स्ट क्लास आला. वाडीत पेढे वाटले. एम.ए.च्या पहिल्याच आठवड्यात फळ्यावर इंग्रजी अक्षरं, तिरप्या रेघा, त्यांवर टिंबं. आजूबाजूचे वहीत उतरवत होते आणि मान हलवत होते. मीपण मान हलवत होते.

त्या रविवारी आई तांदूळ निवडत होती. मी विचारलं, “आये, तुझ्या हातान रापण येता काय गो?”

तिने वर बघितलं नाही. “नाय येणा. माका म्हायत आसा.”

“मग जातंस कित्याक?”

“हात लावतंय म्हणान वाटो घेवक लाज वाटणा नाय. घरात बसान घेतलंय तर ती भीक.” मग सुपातला खडा उचलून टाकला. “तुका कोण काय बोललो?”

“कोण नाय,” मी म्हटलं.

तिने जे सांगितलं ते खरं होतं, आणि मला ते कुठेच मांडता येत नव्हतं. सरांच्या रेघेत फक्त मासे होते. माणूस वाढला तर मासे किती वाढतात, एवढंच विचारलं होतं. एवढंच विचारलं तर उत्तर शून्यच येणार. आईचं मोडलेलं मनगट, तिची लाज, उद्या दुसऱ्या कुणाचं मनगट मोडलं तर त्यालाही दोर धरता येईल हा गावाचा भरवसा, यातलं काहीच त्या प्रश्नात नव्हतं. कुणीतरी प्रश्नच तसा निवडला होता. हे सुचलं तेव्हा मला आनंद झाला नाही. संताप आला. सुचून करायचं काय? सरांसमोर उभं राहायला जी भाषा लागते ती माझ्या हातून नववीतच काढून घेतली होती, आणि त्या वेळी मी हसले होते.

मग मी धडपडले. मोबाईलवर व्हिडिओ बघितले. माणूस भराभर बोलतो, “हे तर तुम्हाला येतंच” म्हणतो आणि पुढे जातो. मला नेमकं तेच येत नसायचं. ग्रंथालयातलं पुस्तक उघडलं, पहिल्या पानावर फलन, म्हणजे फंक्शन. फलन समजायला मागचं पुस्तक हवं, त्याच्यासाठी त्याच्याही मागचं. मागे मागे जात नववीपर्यंत पोचले आणि किनाऱ्यावर वाळूत बसून रडले. वर्गमैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, “अगं, हे सांगून येत नाही, पाया लागतो.” अंतर्गत परीक्षेत कोरा पेपर दिला.

विभागप्रमुख बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. त्या चांगल्या आहेत. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, “तुझं लेखन छान आहे. मराठी घे. नाहीतर समाजशास्त्र. तुमच्या जीवनावर लिही, लोकांना आवडेल. इथे का झिजतेस?”

वर्गाच्या हसण्यापेक्षा ही माया मला जास्त लागली. आमचं जगणं आम्ही सांगायचं, आणि त्याची किंमत फळ्यावर दुसऱ्यांनी मांडायची. माझ्याकडे एकही मुद्दा नव्हता, मार्क नव्हते, काही नव्हतं.

“नाही, मॅडम. विषय बदलणार नाही.”

“नापास होशील.”

“होईन.”

मी नमस्कार करून बाहेर आले आणि जिन्यात बराच वेळ भिंतीला टेकून उभी राहिले. धीर आला होता असं नाही.

आता रोज सकाळी मी त्याच कॉलेजच्या कनिष्ठ विभागात अकरावीच्या गणिताच्या तासाला बसते. तिथल्या सरांकडे परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मी बसते मागच्या बाकावर, मिसरूड फुटलेल्या पोरांच्या शेजारी. मला त्या “शून्यताई” हाकेची सवय झाली आहे, इथे “मावशी” म्हणतात. या वर्षीच्या परीक्षेत मी नापास होणार आहे. कदाचित पुढच्या वर्षीही.

काल त्या गणिताच्या सरांनी एक उदाहरण सोडवलं आणि विचारलं, “कळलं ना सगळ्यांना?” सगळ्यांनी माना हलवल्या. माझीही मान हलायला लागली होती. मी ती थांबवली आणि उठले.

“मला नाही कळलं, सर. परत सांगा.”

पोरं वळून बघायला लागली, खिदळली. सरांनी घड्याळ बघितलं आणि परत सांगितलं. तरी कळलं नाही. मी बसले नाही.

“अजून एकदा.”

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पडोत. मला कळेपर्यंत मी उभी राहून विचारणार आहे.