उसाच्या किनाऱ्यावर राहिलेले पासपोर्ट

कॅरव्हॅन म्हटलं की शशिकलाबाई साळोख्यांच्या डोळ्यांसमोर एकच वस्तू यायची: पत्र्याची लांबट खोली, खिडकीत घरघरणारा एसी, दारात धुळीने माखलेले बूट आणि आत टेबलावर नकाशे पसरून बसलेले सुरेशराव. दोहातल्या रस्त्यांच्या कामावर त्यांनी सत्तावीस वर्षं काढली, ती असल्याच कॅरव्हॅनमध्ये. गल्फमध्ये साइट ऑफिसला कॅरव्हॅनच म्हणतात, त्यात बाईंचा काय दोष? म्हणून २००४ सालच्या जुलैत ब्रिस्बेनच्या घरी मुलगी नुपूर म्हणाली, "तुम्ही दोघं कॅरव्हॅन घेऊन मस्त फिरून या," तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला.

"अगं, रिटायर होऊन सात महिने झाले त्यांना. आता मलाबी साइटवर झोपवतीस व्हय?"

"मॉम, नॉट दॅट कॅरव्हॅन!" नुपूर हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. तिने शेजाऱ्यांच्या अंगणात उभी असलेली पांढरी, चाकांवरची खोली दाखवली. आत गादी, शेगडी, बेसिन, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. बाईंनी शेगडी पेटवून बघितली, नळ सोडून बघितला आणि मान डोलावली. सुरेशरावांना तर विचारायलाच नको. साइटवर पाण्याची टाकी ओढत पिकअप चालवलेला माणूस तो. शेजाऱ्यांकडून मागून घेतलेली ती खोली जावयाच्या गाडीला जोडली आणि पंधराव्या मिनिटाला स्वारी "यल्ला, यल्ला" म्हणत अरबीत घाई करत होती.

साळोखे मूळचे शिरोळचे, बाई तिथून आठ कोसांवरच्या गावच्या. त्यांचे वडील साखर कारखान्यात रस आटवायच्या पॅनवर कामाला होते. लहानपणी हंगाम सुरू झाला की घरातल्या कपड्यांनासुद्धा मळीचा वास यायचा. १९७८ साली चार वर्षांच्या श्रेयसचं बोट धरून आणि नुपूरला कडेवर घेऊन बाई दोहाला उतरल्या, त्यानंतर हिरवा रंग त्यांना भाजीच्या पिशवीत तेवढा दिसायचा. समुद्र मात्र भरपूर. शुक्रवारी दोहाबाहेर समैस्माच्या किनाऱ्यावर चटई टाकून बसायचं, पोरांनी पाण्यात खेळायचं आणि बाईंनी वाळूकडे बघत मनातल्या मनात उसाचा फड उभा करायचा.

आणि इथे बघावं तर दोन्ही शेजारी शेजारी! डाव्या हाताला ऊस, माणसाच्या दुप्पट उंच. उजव्या हाताला ऊस संपला की लगेच निळा समुद्र. मधून उसाने भरलेल्या डब्यांची इवलीशी रेल्वे रस्ता ओलांडायची आणि सगळ्या गाड्या तिच्यासाठी मुकाट थांबायच्या. बंडाबर्गच्या पुढे एका कारखान्याजवळ वारा फिरला आणि तो वास आला. बाईंनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून पदर नाकाला लावण्याऐवजी त्यांनी चांगला छाती भरून श्वास घेतला.

"अहो, मळी!"

"मग? साखर काय इथं वाळूतनं काढतात?" सुरेशराव म्हणाले खरे, पण तेही उतरून उभे राहिले होते.

बाईंना नवल वाटलं ते एवढंच, की इथे गळीत ऐन जूनपासून चालू होतं आणि तोडीला माणूस दिसत नव्हता. एकच यंत्र फडात शिरायचं, कांड्या एका बाजूला, पाचट दुसऱ्या बाजूला. वाढं गुरांना घालत नाहीत हे बघून तर बाईंचा जीव हळहळला. "केवढी नासाडी!" असं त्या रोज म्हणायच्या आणि रोज तितक्याच खुशीत खिडकीतून बघत बसायच्या. सुरेशराव चक्क हळू गाडी चालवू लागले. सत्तावीस वर्षांत बाईंनी त्यांना घड्याळ न बघता जेवताना पहिल्यांदा बघितलं.

एक सवय तेवढी जात नव्हती. कुठल्याही कॅरव्हॅन पार्कच्या ऑफिसात शिरलं, की सुरेशराव कमरेच्या पाकिटातून दोन्ही पासपोर्ट काढून टेबलावर ठेवायचे आणि सावधान उभं राहिल्यासारखे उभे राहायचे. दोहात कामाला लागलं की पहिल्या दिवशी पासपोर्ट कंपनीत जमा. सुट्टीला जायचं तर अर्ज करायचा, कारण लिहायचं, वर ज्याच्या नावावर आपला व्हिसा त्या कफीलचा बाहेर पडायचा कागद मिळवायचा. परत आलं की पुन्हा जमा. बाईंचा पासपोर्ट असायचा सुरेशरावांच्या कपाटात, किल्ली जानव्यासारखी कायम सुरेशरावांच्या अंगावर. बाईंना स्वतःच्या पासपोर्टचा नंबर कधी ठाऊक नव्हता. इथले लोक पासपोर्ट बघून हसायचे आणि परत सरकवायचे. "नको नको, फक्त गाडीचा नंबर सांगा." सुरेशरावांना ते जरा अपमानास्पदच वाटायचं.

"असलं कसलं हे ऑफिस," ते बाहेर येऊन म्हणायचे. "उद्या आम्ही पळून गेलो तर?"

"कुठं पळणार? गादी-भांड्यासकट?" बाई म्हणायच्या.

मॅके शहराच्या अलीकडचा एक पार्क अगदी समुद्राकाठी होता. तिथे दोन रात्री राहून शनिवारी पहाटे, ऑफिस उघडायच्याही आधी, सुरेशरावांनी गाडी काढली. साइटवरच्या माणसाला सूर्य उगवल्यावर निघणं म्हणजे उशीर. परतीचा प्रवास सुरू झाला होता, कारण मंगळवारी संध्याकाळी ब्रिस्बेनहून दोहाचं विमान होतं, आणि ते चुकवून चालणार नव्हतं.

त्यामागची गोष्ट अशी. सुरेशराव रिटायर झाले तेव्हा कंपनीचा व्हिसा संपला. श्रेयस दोहातच गॅस कंपनीत इंजिनियर. त्याने दोघांना आपल्या नावावर घेतलं, ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीतला जुना फ्लॅटही आपल्या नावावर केला. पण कतारबाहेर सलग सहा महिने राहिलं की तो व्हिसा गेला. वीस फेब्रुवारीला दोघं निघाली, चार महिने शिरोळला राहिली, मग नुपूरकडे. वीस ऑगस्टच्या आत दोहात पाऊल पडलं नाही, तर खलास. पुन्हा अर्ज, पुन्हा मिळेल की नाही कोण जाणे. शिरोळला दीर-जाऊ चांगले वागले, नाही असं नाही; पण जाऊबाई रोज सकाळी विचारायच्या, "वहिनी, तुम्हाला चहात साखर किती?" चार महिन्यांत त्यांच्या ते ध्यानात राहिलं नाही. तेव्हाच बाईंना कळून चुकलं, की आपण इथल्या पाहुण्या आहोत. घर म्हणजे ओल्ड एअरपोर्ट. तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर, समोरच्या दारातली रत्नागिरीची रुकैया, खालच्या रस्त्यावर शाळेच्या बसचा हॉर्न. हे बाईंनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण परदेशातल्या भाड्याच्या फ्लॅटला घर म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात.

शनिवारी दुपारी ऊस मागे पडला, गुरांची कुरणं लागली आणि ती दोघं रॉकहॅम्प्टनला पोचली. सुरेशराव नेहमीप्रमाणे ऑफिसात गेले, नेहमीप्रमाणे कमरेच्या पाकिटात हात घातला आणि तसेच उभे राहिले. पाकीट उलटं केलं. दोन तिकिटं पडली, लायसन्स पडलं, चुरगळलेला रुमाल पडला. पासपोर्ट नव्हते.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी धुंडाळली, गाद्या उलथल्या, तांदळाच्या डब्यात हात घालून झाला. सुरेशराव मात्र कॅरव्हॅनच्या पायरीवर बसून राहिले होते.

"शशी," ते म्हणाले, "ते मी जमा केलेत."

"जमा? कुठं?"

"समुद्राजवळच्या पार्कात. तिथल्या ऑफिसातल्या म्हातारीनं परत दिले नाहीत. ड्रॉवरमध्ये ठेवले. मला बरं वाटलं, म्हटलं चला, एक तरी ऑफिस नीट आहे."

"आणि निघताना मागितले नाहीत?"

सुरेशरावांनी बायकोकडे असं बघितलं, की बाईंचा राग निम्म्यावर आला. "अगं, मागायचा विचारच आला नाही. दिला की तो आपल्याकडं नसतो, हेच डोक्यात बसलंय."

पावतीवरच्या नंबरला फोन केला. यंत्रातली बाई म्हणाली, ऑफिस सोमवारी सकाळी आठला उघडेल. सोमवारी आठला उघडून काय उपयोग? तिथून ब्रिस्बेन हजार किलोमीटर. आणि म्हातारीने ते टाकून दिले असले तर? पोलिसांत दिले असले तर? बाईंनी नुपूरला फोन केला नाही. पोरगी घाबरली असती, आणि जावयासमोर बापाची शोभा झाली असती ती वेगळीच.

रविवारी उजाडताच कॅरव्हॅन तिथेच सोडून नुसती गाडी घेऊन दोघं उलटी निघाली. तीनशे किलोमीटर. पुन्हा तोच ऊस, तीच इवलीशी रेल्वे. पण आता ती आडवी आली तेव्हा बाईंनी डबे मोजले आणि दर डब्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. सुरेशराव अख्ख्या वाटेत दोनदाच बोलले. दोन्ही वेळा म्हणाले, "माझ्यामुळं."

"गाडी चालवा," बाई दोन्ही वेळा म्हणाल्या.

अकरा वाजता पार्कात पोचली तर ऑफिसला कुलूप. शेजारच्या तंबूतल्या माणसाने मागच्या बाजूला बोट दाखवलं. म्हातारी तिथे टोमॅटोच्या रोपांना पाणी घालत होती. तिने दोघांना बघितलं, नळ बंद केला आणि कमरेवर हात ठेवले.

"आलात का! किती वाट बघितली तुमची. काल सकाळी दार वाजवलं तर तुम्ही गायब. मला वाटलं, इतक्या विश्वासाने सांभाळायला दिलंय, तर मागायला येणारच."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या रोपांच्या कडेच्या विटांवरच बसल्या आणि रडता रडता हसू लागल्या. सुरेशराव मराठीत, हिंदीत, इंग्रजीत आणि शेवटी अरबीत आभार मानत सुटले. "शुक्रन, शुक्रन," म्हणत त्यांनी म्हातारीचा मातीने भरलेला हात धरून ठेवला.

ड्रॉवर उघडून तिने दोन्ही पासपोर्ट काढले. सुरेशरावांनी पाकिटाची चेन उघडून ते पुढे धरलं. म्हातारीने तिकडे बघितलंच नाही. चष्मा लावून तिने फोटो बघितले, चेहरे बघितले, एक पासपोर्ट सुरेशरावांना दिला आणि दुसरा शशिकलाबाईंच्या हातात ठेवला. ज्याचा त्याला.

बाई तो उघडून बघत राहिल्या. फोटोत आपण बऱ्या दिसतो, हे त्यांना आत्ता कळलं. गाडीत बसल्यावर सुरेशरावांनी हात पुढे केला.

"आण इकडं, नीट ठेवतो."

"तुमचं नीट ठेवणं बघितलं की मी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पासपोर्ट पर्समध्ये टाकला. सुरेशरावांनी गाडी चालू केली. थोड्या वेळाने ते शीळ घालू लागले. परतीच्या वाटेवर त्यांनी एका शेतकऱ्याला विचारून उसाचं एक कांडं मोडून घेतलं, आणि दोघांनी ते दातांनी सोलून खाल्लं. साठीतल्या दातांना ते झेपणारं नव्हतं, तरी खाल्लं.

अठरा ऑगस्टला सकाळी दोहाच्या विमानतळावर काउंटरवरच्या पोराने तारखा बघितल्या, बोटांवर महिने मोजले आणि दोन शिक्के मारले. दोन दिवस शिल्लक होते. बाहेरच्या भट्टीसारख्या हवेचा पहिला झोत तोंडावर आला, आणि शशिकलाबाईंना तो इतका गोड लागला की त्यांनी मोठ्याने म्हटलं, "आले गं बाई घरी!"

श्रेयस गाडी घेऊन आला होता. बॅगा डिकीत टाकून त्याने हात पुढे केला. "पप्पा, पासपोर्ट्स द्या ना. रेसिडन्स रिन्यू करायचाय, आय विल कीप देम इन माय ऑफिस लॉकर."

पोराच्या मनात काही वाईट नव्हतं. आता दोघं त्याच्या नावावर होती, कफील तोच. सुरेशरावांनी पाकिटातून पासपोर्ट काढला, दिला, आणि श्रेयसने तो खिशात घातलाही. बाईंनी पर्स काखेत आवळली.

"कामाला लागेल तेव्हा माग, देईन," त्या म्हणाल्या. "काम झालं की त्याच दिवशी परत आणून द्यायचा. माझ्या हातात."

"मॉम, वॉट हॅपन्ड?"

बाई गाडीत जाऊन बसल्या. गाडी विमानतळाचा गोल फिरून रस्त्याला लागली. सुरेशराव पुढच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसले होते. पहिला सिग्नल गेला, दुसरा लागला. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा खाकरला, आणि इतक्या हळू आवाजात बोलले की श्रेयसला रेडिओ बंद करावा लागला.

"काय म्हणालात, पप्पा?"

"माझा पासपोर्ट," सुरेशराव म्हणाले. "परत दे."