सर दमले की परत फिरू

पळणाऱ्या माणसांकडे किस्से फार साठतात. कारण सोपं आहे. पळताना बोलता येत नाही, आणि थांबल्यावर दुसरं काहीच करता येत नाही. आमच्या रविवारच्या कंपूनं आजवर जेवढं अंतर पायांनी कापलं असेल, त्याच्या कितीतरी पट चहाच्या टपरीशी उभं राहून तोंडानं कापलं आहे.

कंपू लहानसाच. दाभाडे हे गुत्तेदार, म्हणजे रस्त्यांचे कंत्राटदार; त्यांचा पेव्हर ब्लॉकचा कारखाना आहे. शिट्टी त्यांच्याकडे असते म्हणून ते कॅप्टन. डॉक्टर साळवे दातांचे डॉक्टर. जावेदभाईंचं शहागंजात बॅटरीचं दुकान. चौथा मी, कॉलेजात शिकवतो. चौघंही पन्नाशीच्या पुढचे. लांबून बघणाऱ्याला आम्ही पळतोय की कुणाला तरी शोधतोय, हे पटकन कळत नाही.

*

एकदा पुण्याहून एक कोच आले. कोरा टी-शर्ट, पोट नाही, हातात माइक. तासभर त्यांनी एकच मुद्दा लावून धरला. हायड्रेशन!

"पळताना दर वीस मिनिटांनी पाणी आलंच पाहिजे! येतं का तुमच्याकडे?"

जावेदभाई उठून उभे राहिले. "साब, तुम मिनटां की बात कर रहे. हमारे पास तो हफ्ते में एक बार आता ना!"

कोच खूप हसले. बाकी हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

कारण आमच्या कंपूत दांडी मारायला एकच कारण चालतं. ताप आला तर चार प्रश्न विचारले जातात. पाठ धरली तर डॉक्टर दोन व्यायाम सांगतात. पण "आज आमच्याकडं पाणी आहे" असा मेसेज आला की विषय संपला. माणूस सन्मानानं गैरहजर!

*

डॉक्टरांच्या मनगटावर एक घड्याळ आहे. ते वेळ सोडून सगळं सांगतं. रात्री झोप कशी लागली, मन शांत आहे का, आज पळावं की पडून राहावं. डॉक्टर बायकोला विचारत नाहीत ते घड्याळाला विचारतात.

एका रविवारी क्रांती चौकात येऊन थांबलो, तर घड्याळ दहा किलोमीटर पूर्ण दाखवेना. थोडे कमी. डॉक्टरांना अपूर्णांक सहन होत नाही. त्यांनी मनगटाकडे बघत चौकातच गोल गोल फिरायला सुरुवात केली. तिसऱ्या फेरीला ट्रॅफिकचा हवालदार आला.

"ओ साहेब, काय हरवलं का?"

"तीनशे मीटर कमी भरतायत!"

हवालदारानं रस्त्याकडे एकदा नीट बघितलं. "कोणत्या गुत्तेदारानं खाल्ले?"

दाभाडे खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. बूट वेल्क्रोचे होते.

*

टी-शर्ट दाभाड्यांनीच करून दिले, स्वखर्चानं. त्यामुळे पाठीवर काय छापायचं, हे विचारायची सोय नव्हती. आम्ही जिथून पळायला सुरुवात करतो त्या क्रीडा संकुलात वाटप झालं, फोटो झाले, शिट्टी वाजली. नेहमीप्रमाणे पाच मिनिटांत कॉलेजची पोरं आम्हाला मागे टाकून जायला लागली. पण त्या दिवशी जो तो पुढे जाऊन वळून हसत होता. शेवटी जावेदभाईंनी मला उलटं उभं करून वाचलं.

"दाभाडे पेव्हर ब्लॉक. एकदा बसले की हलत नाहीत!"

*

आमच्यात एक नियम आहे. पळताना "परत फिरू" असं जो पहिल्यांदा म्हणेल, त्याचा त्या क्षणी फोटो काढायचा आणि आठवडाभर तोच ग्रुपचा डीपी ठेवायचा. नियम जावेदभाईंनी काढला आणि पहिले सापडलेही तेच. एक हात दुभाजकावर, दुसरा कमरेवर, तोंड उघडं, डोळे मिटलेले. सोमवारी सकाळी सिल्लोडहून त्यांच्या मेहुणीचा फोन. "दूल्हेभाई, कौन से दवाखाने में हो?"

तेव्हापासून ते दोन शब्द कुणी उच्चारत नाही. बाकी सगळे उपाय चालतात. नाडी सुटते, फोन येतो, मकबरा अचानक फार सुंदर दिसायला लागतो. एकदा दाभाडे दम खायला म्हणून रस्त्याकडेच्या रक्तदान शिबिरात शिरले. रक्त देऊन आले, बिस्किटं खाऊन आले, पण "परत फिरू" म्हणाले नाहीत!

*

गेल्या उन्हाळ्यात माझी बायको शुभा गेली. त्याबद्दल इथे लिहायचं नाही. एवढंच सांगतो, की दोन महिन्यांनी पुन्हा पळायला गेलो तेव्हा कंपू पार बिघडला होता. सगळे माझ्याशी चांगले वागत होते!

पूर्वी मी "मास्तर" होतो. आता "सर" झालो. पूर्वी जावेदभाई म्हणायचे, "मास्तर, तुम्हारे बाजू से तो बारात भी आगे निकल जाती." आता म्हणतात, "सर, आराम से." मी विनोद सांगायला लागलो की तो संपायच्या आत हसतात. दाभाड्यांच्या सुनंदावहिनी. त्यांचा आवाज पूर्वी फाटकापासून ऐकू यायचा. एकदा चपला घालून स्वयंपाकघरात गेलो म्हणून त्यांनी मला सगळ्यांदेखत बाहेर काढलं होतं. त्याच वहिनी आता डबा देताना हळू आवाजात एवढंच विचारतात, "जेवलात का भाऊजी?"

एका रविवारी मी मुद्दाम, संकुलाच्या फाटकाबाहेर पडल्या पडल्या मोठ्यानं म्हणालो, "परत फिरू!"

कुणी फोन काढला नाही. दाभाड्यांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना वळवलं. डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे सरांचं." जावेदभाईंनी माझी पाण्याची बाटली धरली.

माझी तक्रार नाही. माणसं मायेची आहेत. पण आपल्याला कुणी काही बोलेनासं झालं, की आपणही गेलोच की काय, अशी शंका यायला लागते. एकदा कुणीतरी पूर्वीसारखं बोलावं, एवढंच मला हवं होतं. ते मागायचं कसं, हे मात्र समजत नव्हतं.

*

त्यातून तो दौलताबादचा रविवार उगवला.

ठरलं होतं ते इतकंच. संकुलातून गुलमंडी, तिथे गरम इमरती, आणि घरी. गुलमंडीत पोचलो तर इमरतीवाल्याची कढई अजून तापायची होती. "तोवर भडकल गेटपर्यंत जाऊन येऊ," दाभाडे म्हणाले.

भडकल गेट आलं. इथून वळायचं, हे चौघांनाही माहीत होतं. पण ते म्हणायचं कुणी? तिघांनी हळूच माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या चौघांत ते दोन शब्द फुकट उच्चारायची मुभा फक्त मला होती.

"सर, बरं वाटतंय ना?" दाभाड्यांनी विचारलं.

"उत्तम."

"नाही, दमला असाल तर सांगा बरं का. संकोच नको."

"छे! तुम्ही दमलात का?"

"आम्ही? हॅ!"

मिल कॉर्नरला डॉक्टर माझ्या शेजारी आले. "सर, आपल्या वयात एकदम अंतर वाढवू नये. तुम्ही म्हणत असाल तर..."

"तुमचं घड्याळ काय म्हणतंय?"

डॉक्टरांनी मनगट पाठीमागे नेलं.

छावणीत जावेदभाई दोन पावलं मागे राहिले आणि आभाळाकडे बघून पुटपुटले. त्यांना वाटलं मनातल्या मनात म्हटलं. "या अल्लाह, सर को थका दे!"

नगर नाका गेला. शहर संपलं. पडेगाव आलं तशी दाभाड्यांनी कॅप्टन म्हणून अधिकृत घोषणा केली, "कुणाची काही घाई नाही. सर दमले की परत फिरू!"

माझे गुडघे केव्हाच शरण गेले होते. तरी मी तोंड उघडलं नाही. तिघांपैकी एकानं तरी वैतागून म्हणावं, "मास्तर, बास करा की आता!" एवढं एकच वाक्य ऐकायला मी पळत होतो. आणि ते तिघं सभ्यपणा सोडायला तयार नव्हते!

*

मिटमिट्याच्या पुढे एक दुधाचे कॅन लावलेला मोटारसायकलवाला आमच्या चालीनं बराच वेळ शेजारून येत राहिला. शेवटी त्याला राहवलं नाही.

"काय झालं पाव्हणं? गाडी चुकली व्हय?"

"नाही, पळतोय," दाभाडे म्हणाले.

"कुठं जायचं?"

"कुठंच नाही."

त्यानं ब्रेक दाबला. कॅन सरकवून मागे जागा केली. "मंग बसा की. सोडतो तिथं."

मी शपथेवर सांगतो, डॉक्टरांचा एक पाय उचलला गेला होता!

*

पुढे किल्ला दिसायला लागला. दिल्लीच्या एका सुलतानानं कधीकाळी अख्खी राजधानी इथे चालवत आणली आणि काही वर्षांनी तशीच परत नेली. लोक त्याला वेडा म्हणतात. पण त्यानं परत फिरायचा हुकूम तरी दिला!

आमच्यात तो शेवटपर्यंत कुणी दिला नाही. दिला तो डॉक्टरांच्या पोटरीनं. सीताफळांच्या पाट्या लावून बसलेल्या बायकांच्या मधोमध डॉक्टर "आई गं" करून खाली बसले. त्यांच्या मनगटावर घड्याळानं टाळ्यांचा आवाज काढला. जावेदभाई त्यांच्या शेजारी सरळ आडवे झाले. एक काळी-पिवळी जीप थांबली, ड्रायव्हरनं आमच्या चौघांच्या अवताराकडे बघितलं, आणि न बोलता गाडी पुढे काढली.

दाभाड्यांनी घरी फोन लावला.

"हां... दौलताबाद... नाही, किल्ल्याखाली... पळतच... नाही, कुणी मागं लागलं नव्हतं..."

मग त्यांनी फोन कानापासून हातभर लांब धरला. सीताफळवाल्या बाईला तिथून ऐकू जात होतं.

"येतेय ती," ते म्हणाले. चेहरा उतरलेला. "आज सिल्लोडला मेव्हण्याची वास्तुशांत आहे. नवाला निघायचं होतं."

"पैले क्यों नहीं बोले?" जावेदभाई जमिनीवरूनच ओरडले.

"बोललो असतो तर फोटो काढला असतात ना!"

वहिनी आल्या. स्वतः गाडी चालवत, जांभळी पैठणी, नाकात नथ, केसांत अबोलीचा गजरा. गाडीतून उतरल्या तशा दोन पर्यटकांनी मोबाइल वर केले. वहिनींनी त्यांच्याकडे बघितल्यावर खाली घेतले.

"अहो, माझा भाऊ तिकडं दारात उभा आहे तुमची वाट बघत! अन् जावईबापू किल्ला घ्यायला आले? उठा! शिट्टी काढा ती गळ्यातली!"

दाभाड्यांनी शिट्टी काढली.

"डॉक्टर, उद्या दवाखान्यात उभं राहता येणार आहे का? का पेशंटच्या खुर्चीत तुम्हीच झोपणार?"

डॉक्टर पोटरी चोळत राहिले.

"अन् जावेदभाई, हे काय झोपायचं ठिकाण आहे? लावू का भाभींना फोन?"

जावेदभाई ताडकन उठून बसले. "भाभी, तुम जितना बोलना है बोलो. पण उनको नका लावू!"

मग वहिनी माझ्याकडे वळल्या. तोंड उघडलं, आणि मिटलं. खांदे खाली आले. मी ओळखलं. आता आवाज उतरणार, आता जेवणाचं विचारणार. मी मान खाली घातली.

तेवढ्यात दाभाडे घाईघाईनं कुजबुजले, "सुनंदा, सरांना काही बोलू नको हं."

"का?" वहिनी गर्रकन वळल्या. "का बोलू नको? सर काय आभाळातून पडलेत?" आणि पुन्हा माझ्याकडे. "काय हो भाऊजी! या तिघांना अक्कल नाही, हे अख्ख्या शहराला ठाऊक आहे. तुम्ही पोरांना शिकवता ना? कुणी थांबवेना म्हणून पळतच सुटायचं? मी आले नसते तर कन्नडचा घाट उतरून खाली गेला असतात! तोंडाला कुलूप लावलंय का? अन् ही दाढी! कुणाला विचारून वाढवली? बैरागी दिसताय नुसते! घरी फोन केला तर उचलत नाही, डबा पाठवला तर भाजी तशीच परत! आम्ही काय मूर्ख आहोत? बसा मागं! टॉवेल टाकून बसा. सीट ओली झाली तर तुमच्याकडून धुवून घेईन!"

सीताफळवाल्या बायकांनी पाट्या सोडून माना इकडे वळवल्या. दाभाडे, डॉक्टर आणि जावेदभाई, तिघंही रस्त्याकडे बघत होते.

मी टॉवेल टाकला आणि बसलो.

गाडी निघाली तरी वहिनी थांबल्या नाहीत. इतरांवर एक शब्द नाही, सगळं माझ्यावर. कॉलेज, झोप, दाढी, परत आलेली भाजी. शरणापूरच्या फाट्यावर त्या श्वास घ्यायला थांबल्या.

"वहिनी," मी मागून विचारलं, "अजून काही राहिलं का?"

"राहिलं ना!" वहिनी म्हणाल्या. आणि थेट नगर नाक्यापर्यंत त्यांना तिसरा गिअर बदलायला सवड झाली नाही.