साईंची पाचवी खोली

कुठल्याही नव्या खोलीत शिरले की साईं आधी जमिनीवर आडवे होत. खोली पुरी झालेली असो की नुसता चौथरा असो. डोक्यावरची काळी टोपी काढून छातीवर ठेवायची, पाय सरळ करायचे आणि छताकडे, छत नसेल तर आभाळाकडे बघत पडून राहायचं. पाच मिनिटं कुणाशी बोलणं नाही. आमच्या चौथऱ्यावर ते पहिल्यांदा असे आडवे झाले तेव्हा मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना वाटलं की माणसाला भोवळ आली. पाणी आण म्हणून ते माझ्यावर ओरडले. साईं पडल्यापडल्याच म्हणाले, "पानी नहीं चाहिए, साईं. देख रहा हूँ. मेहमान कमरा खड़ा होके नहीं देखता, लेटके देखता है."

फाळणीनंतरच्या दोनतीन वर्षांतली ही गोष्ट. मामंजी रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर आमची जागा होती. गावातल्या कारखान्यांत यंत्रं बसवायला, तपासायला बाहेरगावचे लोक येत. शिवरात्रीला शिवमंदिराच्या जत्रेची गर्दी असे. या लोकांना उतरायला धड जागा नव्हती. मामंजींनी पाहुण्यांसाठी खोल्या बांधायचं ठरवलं, आणि घरात मी नवी सून, अक्षर बरं आणि याद्या करायची खोड, म्हणून कामाची वही माझ्याकडे आली.

साईं आले ते खाटांची ऑर्डर घ्यायला. उल्हासनगरच्या छावणीत, एका लष्करी बराकीत ते राहत. सिंधमध्ये स्टेशनसमोर त्यांचा अकरा खोल्यांचा मुसाफिरखाना होता. तो तिथेच राहिला. बायको त्याआधीच वारली होती. बरोबर आली ती एकटी मुलगी, लाजू. पोट भरायला ते नवारीच्या खाटा विणून देत. मामंजींना ते साईं म्हणत, टांगेवाल्याला साईं म्हणत, गवंड्यालाही साईंच. म्हणून आम्ही सगळे त्यांना साईं म्हणू लागलो. खरं नाव मी पहिल्याच दिवशी वहीत लिहून घेतलं होतं, पण ते कधी कुणाला लागलं नाही.

मामंजींच्या नकाशात आठ खोल्या होत्या. एका लांबलचक दालनात पुरुषभर उंचीच्या भिंती घालायच्या, वर मोकळं. हवा खेळती राहते आणि विटा वाचतात, असं त्यांचं म्हणणं. दोन खोल्यांमधली अशी एक भिंत उभीही राहिली होती. साईंनी मामंजींना एका बाजूला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः पलीकडे जाऊन आडवे झाले. मी दारात वही घेऊन उभी. थोडा वेळ सगळं शांत. मग भिंतीपलीकडून आवाज आला, "साईं, तपकीर ज़रा कम करो. दो बार हो गया."

मामंजी तपकीर ओढतात हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. निदान त्यांची तशी समजूत होती. डबीचं झाकण उघडल्याचा बारीक टक असा आवाज साईंनी पडल्यापडल्या टिपला होता. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, मी वहीत पाहिलं. "सूनबाई," ते घसा खाकरून म्हणाले, "लिहून घे. भिंती छतापर्यंत." आठाच्या पाच खोल्या झाल्या. साईंनी पाहुण्यांची सोय बघायची, सगळं नीट लावून द्यायचं, असं त्याच दिवशी ठरलं.

त्यांची अट एकच होती. मजुरी नको. लाजूला दिवस गेले होते, फाल्गुनात ती बाळंत होणार होती. तिचा नवरा आणि त्याचे घरचे दुसऱ्या बराकीत, तितक्याच अडचणीत. साईंच्या बराकीत बिऱ्हाडाबिऱ्हाडांत गोणपाटाचे पडदे. आदल्या वर्षी पलीकडच्या पडद्याआड एक बाई बाळंत झाली होती, तेव्हाचं त्यांनी खाली मान घालून सांगितलं, "हम सब मर्द लोग बाहर बैठे थे. कान में उँगली डालके. सब सुनाई देता था. मेरी बेटी का ऐसा नहीं होने दूँगा." लाजूला चाळीस दिवस एक खोली हवी होती. पक्क्या भिंतींची, दाराला कडी असलेली. मामंजींनी विचार केला. पाचातली एक खोली सव्वा महिना अडणार, शिवाय पाहुणे सोयराची शंका काढतील ते वेगळंच. पण शेवटी ते हो म्हणाले. "मागच्या बाजूची घ्या. पुढे कुणाला कळायला नको, म्हणजे झालं."

मग साईंचं काम सुरू झालं. खिडक्या इतक्या खाली घ्यायला लावल्या की खाटेवर पडलेल्या माणसाच्या अंगावरून वारा जाईल. खाट अशी की सकाळचं ऊन डोळ्यांवर येणार नाही आणि दार उघडलं तर बाहेरच्याला आधी पाय दिसतील, तोंड नाही. हात लांब केला की पोचेल असा एक कोनाडा, चष्म्याला आणि घड्याळाला. दाराशी ओल्या छत्रीची खुंटी वेगळी, आत कोरड्या कपड्यांची वेगळी. दाढीसाठी आरसा खिडकीशेजारी, उजेड तोंडावर पडेल असा. मच्छरदाणीचे आकडे तर त्यांनी मला चारचारदा मोजायला लावले. मामंजी वैतागायचे. "साईं, हा पाहुणा आहे की जावई?"

"जमाई तो गुस्सा होके भी फिर आता है, साईं," ते आकडा ठोकता ठोकता म्हणाले. "मेहमान नहीं आता."

त्यांची एक रीत मी पुढे आयुष्यभर वापरली. पाहुण्याला काही विचारावं लागलं तर ती खोलीतली चूक, असं ते मानत. पहिल्या चार खोल्या मार्गशीर्षात सुरू झाल्या, तेव्हा त्यांनी मला सांगितलं की पाहुण्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहून ठेव. पिण्याचं पाणी कुठलं, हात धुवायचं कुठलं? ओला टॉवेल कुठे टाकू? मोरी डावीकडे की उजवीकडे? कंदील लहान कसा करायचा? आठवड्याने साईं येत, वही वाचून घेत आणि एकेका प्रश्नाचा बंदोबस्त करत. माठाला झाकण आणि वर ओगराळं, म्हणजे पिण्याचं कुठलं ते कळतं. खिडकीबाहेर तार बांधली. महिन्याभरात पानं रिकामी जायला लागली. एका पाहुण्याने मात्र "जेवणात वांगं रोजच असतं का?" असं विचारलं होतं. तेही मी लिहिलं. साईं म्हणाले, "ये मेरे खाते का नहीं है, बेटी. ये तेरे ससुर को दिखा."

पाचव्या खोलीला त्यांनी सर्वांत जास्त वेळ दिला. ती मागच्या अंगणाला लागून होती, पाणी तापवायच्या बंबापासून दहा पावलांवर. दार दोन माणसं शेजारी-शेजारी जातील इतकं रुंद. उंबरा नाही, ठेच लागू नये म्हणून. खाट इतर खोल्यांपेक्षा वीतभर उंच, सुइणीला वाकावं लागू नये म्हणून. भिंती दीड विटेच्या. छतातल्या दोन कड्या पाळण्यासाठी. दोन्ही कड्यांना त्यांनी स्वतः लोंबकळून पाहिलं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. आजवर मी पुष्कळ खोल्या पाहिल्या, लावल्या, त्यातली तितक्या विचाराने केलेली दुसरी नाही.

माघ संपताना त्यांनी लाजूला टांग्यातून खोली दाखवायला आणलं. बरोबर मासी होती. नात्याची कुणी नाही. बराकीतल्या गोणपाटापलीकडची शेजारीण, पन्नाशीची, तोंडाने फटकळ. लाजूने खोली नीट बघितली. दार लावून पाहिलं, उघडून पाहिलं, खाटेवर बसून पाहिलं.

"कमरा बहुत अच्छा है, बाबा," ती म्हणाली.

साईंनी माझ्याकडे पाहिलं. परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

"मगर मैं इधर नहीं आऊँगी."

"क्यों? क्या कम है? बोल. ये लिख लेगी."

"कम कुछ नहीं है. इधर चिल्लाऊँगी तो सुनेगा कौन?"

"सुनाई न दे इसीलिए तो बनाया!"

"आपको सुनाई न दे," लाजू म्हणाली. "मुझे तो चाहिए कि सुनाई दे. उधर ज़रा खाँसती हूँ तो मासी पूछती है क्या हुआ. इधर दीवार पूछेगी?"

मासीने तेवढ्यात भर घातली. साईंना ती अदा म्हणे, म्हणजे भाऊ. "अदा, शरम तुमको आती है ना? तो तुम इधर आके सो जाओ चालीस दिन. उधर हम औरतें सँभाल लेंगी."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं, कारण साईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी टोपी घातली आणि टांग्याकडे गेले. मामंजींना वाईट वाटलं असावं. संध्याकाळी ते मला म्हणाले, "पाचवीत कुणाला ठेवू नकोस. मुलगी आहे, मन बदलेल." खोली तशीच ठेवली.

लाजूचं मन बदललं नाही. फाल्गुनात एका सकाळी टांगा आला आणि त्यातून एकटे साईं उतरले. बराकीतल्या बायकांनी त्यांना खरोखरच बाहेर काढलं होतं. ते नुसते येरझाऱ्या घालत, सुइणीला मधूनमधून हाका मारत, तेव्हा मासीने त्यांना टांग्यात बसवून टांगेवाल्याला आमचा पत्ता सांगितला होता.

मी त्यांना पाचव्या खोलीत नेलं. चहा दिला. ते खाटेच्या कडेवर बसले. घटकाभराने मी गेले तर चहावर साय धरलेली. दुसरा करून दिला. दुपारी जेवायला बोलवायला गेले तेव्हा ते भिंतीला कान लावून उभे होते. पलीकडे आमचं अंगण, आणि बराक तिथून दीड-दोन मैल. "यहाँ कुछ सुनाई नहीं देता, बेटी," ते म्हणाले. त्यांनी दार उघडून ठेवलं. मग खिडकी. मग अंगणात आले, मग फाटकाशी. चारच्या सुमाराला ते चपला हातात घेऊन चालतच छावणीकडे निघाले, झपाझप, मागे न बघता.

मुलगा झाला होता. पाचव्या दिवशी मी बघायला गेले. गोणपाटाचा पडदा बाजूला केला तर आत बसायला जागा नव्हती, इतक्या बायका. एक बाळाला तेल लावत होती, एक लाजूचे केस विंचरत होती, मासी सगळ्यांना रागावत होती. साईं बाहेर खाटेवर बसून हे सगळं ऐकत होते. कानात बोट नव्हतं. मला म्हणाले, "मैंने ग्यारह कमरे चलाए. मेहमान क्या देखता है ये सोचा. उसको कुछ हो गया तो किसको बुलाएगा, ये नहीं सोचा."

पुढच्या आठवड्यात ते पाच पितळी घंटा आणि सुतळीचं भेंडोळं घेऊन आले. प्रत्येक खोलीतून, खाटेवरून हात पोचेल अशी एक दोरी, ती भिंतीतल्या भोकातून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत. प्रत्येक घंटेचा आवाज वेगळा, म्हणजे कुठली खोली ते कळावं. मामंजी म्हणाले, "आता बघा, लोक चहासाठी वाजवतील." तसंच झालं. आम्ही नऊ वर्षं खोल्या चालवल्या, त्यात खऱ्या गरजेने घंटा तीनदा वाजली. एकदा विंचू, एकदा ताप डोक्यात गेलेला, एकदा एका वयस्क इन्स्पेक्टरांच्या छातीत कळ आली. ते वाचले. बाकी सगळा चहा.

पुढे छावणीत लोकांना बराकीतल्या जागा पक्क्या करून मिळाल्या आणि गोणपाटं उतरून विटा चढल्या. साईंच्या वाट्याला दीड खोली आली. भिंत उठत होती तेव्हा मी गेले होते. छतापर्यंत, त्यांच्या पद्धतीची. पण मासीच्या बाजूला, खाटेच्या उशाशी, त्यांनी गवंड्याकडून दोन विटांची जागा रिकामी ठेवून घेतली होती. गवंडी म्हणाला, "इधर से हवा नहीं आएगी." साईं म्हणाले, "हवा के लिए नहीं है." मासीने तिच्या बाजूने तिथे एक लहानसा पडदा लावला, आणि तो बहुतेक वेळ बाजूला सारलेलाच असे.

आम्ही खोल्या बंद करून बदलापूरला, बेलवलीला राहायला गेलो त्याच वर्षी साईं गेले. मला चार दिवसांनी कळलं. मी गेले तेव्हा लाजूने सांगितलं. दुपारची वेळ होती, ती रोजच्यासारखी त्यांच्याकडे आली होती, पण नळावर होती, तिला काहीच ऐकू आलं नाही. मासीला आलं. हाक अशी नव्हतीच, नुसतं तिचं नाव घेतलं होतं. मासी धावत आली तेव्हा ते शुद्धीवर होते. तिने पाणी पाजलं, दोन घोट घेतले. ती लाजूला बोलवायला दाराकडे वळली तेव्हा म्हणाले, "दरवाज़ा खुला रख. बच्चा आता होगा."

लाजूचा मुलगा शाळेतून आला तेव्हा दार उघडंच होतं.