डोळ्यांत पाहून सांग

मी चिडकी आहे, हे आमच्या शाळेत भिंतींनाही माहीत आहे. म्हणूनच बुद्धिबळाचा क्लब काढला तेव्हा भांडणात शेवटचा शब्द सरांचा, असं मीच ठरवलं होतं. सर म्हणजे माझे सहकारी, गणित शिकवणारे. सानगडीकडच्या एका गावातली आमची सातवीपर्यंतची शाळा. तिथं आम्ही दोघांनी इतकी वर्षं एकाच बाकावर डबा खाल्लेला. माझ्या डब्यात लाखोरीच्या डाळीचे वडे असले की सर स्वतःची भाजी माझ्याकडे सरकवत आणि न विचारता वडे उचलत. एवढा भरवसा होता.

क्लबचे नियम आम्ही दोघांनी बसून केले. खेळाआधी हात मिळवायचा, खेळानंतरही मिळवायचा, हरलेल्यानं जास्त घट्ट. बघणाऱ्यानं हात मागे बांधायचे आणि तोंड शिवून घ्यायचं, कारण आमच्याकडे खेळणाऱ्यापेक्षा बघणाऱ्यालाच चाली फार सुचतात. जिंकलेल्यानं मोहरे डब्यात भरायचे. आणि सगळ्यांत मोठा नियम, हात लावला की चाल. मोहरा नुसता नीट ठेवायचा असेल तर आधी ‘सावरतो’ म्हणायचं, मग हात लावायचा. आधी. नंतर म्हटलेलं चालणार नाही.

पोरंच ती, भांडणार नाहीत कशी? ‘तू म्हणला नाई’, ‘मी म्हणलो’, हे सुरूच. त्यावर सरांनी एक युक्ती काढली. हात मांडीवर ठेवायचे, समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं आणि मग सांगायचं. “खोटं बोलणाऱ्याले डोळ्यात पाहनं जमत नाई,” ते पोरांना सांगत. आणि खरंच जमायचं नाही. खोटं बोलणारा दोन क्षण पाहायचा, मग त्याला हसू फुटायचं, आणि “बरं, नाई म्हणलो” असं म्हणून तो मुकाट्यानं चाल करायचा. मला सरांचं भारी कौतुक वाटे. ओरडून जे मला कधी साधलं नाही ते त्यांनी असं साधलं होतं.

गेल्या हिवाळ्यात साकोलीला तालुक्याची स्पर्धा होती. शाळेतून एकालाच जाता येणार होतं. क्लबमध्ये खेळून खेळून शेवटी दोघं उरले, दोघंही सातवीतले. एक सरांचा मुलगा. दुसरी तलावात मासे धरणाऱ्या घरातली एक मुलगी. बोलणं कमी, पण पटावर बसली की उठायची नाही. तिची आई बाजारात मासोळ्या विकायला बसते. डाव व्हायच्या आधीच ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, “माही पोरगी साकोलीले खेळाले जाऊन राहिली.” मी म्हटलं, अहो, अजून डाव व्हायचाय. तर म्हणाली, “होईन न मॅडम.” पुढच्या वर्षी आठवीला पोरीला दुसऱ्या गावच्या शाळेत जावं लागणार होतं आणि तिथं असलं काही नव्हतं. म्हणजे हीच एक वेळ होती.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर डाव लागला. मी पटाच्या एका बाजूला, सर दुसऱ्या बाजूला, आणि भोवती क्लबची सगळी पोरं हात मागे बांधून उभी. मुलीनं डाव चांगला बांधला होता. सरांच्या मुलाचा घोडा अशा जागी अडकला होता की तो हलला की मागचा वजीर तिच्या उंटापुढे उघडा पडणार. पोरानं घाईत घोडा उचलला. वर धरला. मग त्याला दिसलं, आणि त्यानं तो हळूच होता तिथंच ठेवला.

“हात लावला,” मुलगी म्हणाली.

“सावरून राहिलो होतो,” तो म्हणाला.

“तू म्हणला नाई.”

म्हटलं नव्हतंच. मी हातभर अंतरावर बसले होते. मी तसं सांगितलंही, स्पष्ट आणि सगळ्यांसमोर. मग नियमाप्रमाणं पोराला म्हटलं, हात मांडीवर ठेव आणि तिच्या डोळ्यांत पाहून सांग. त्यानं हात मांडीवर ठेवले. वर पाहिलं. ओठ हलले, कान लाल झाले, आणि त्यानं मान खाली घातली. झालं होतं. शेंबडं पोरसुद्धा समजलं असतं. तो घोड्याकडे हात न्यायलाही लागला होता.

तेवढ्यात सर बाक ओढून मुलाच्या शेजारी बसले. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्या मुलीच्या डोळ्यांत पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, “तो सावरतो म्हणला. मी आयकलं.”

मला आधी वाटलं, माझीच ऐकण्यात चूक होतेय. मी म्हटलं, “सर, काय बोलता? मी इथंच आहे ना.”

“तुमचं लक्ष नव्हतं, मॅडम,” ते म्हणाले, पण नजर मुलीवरच. “अन् शेवटचा शब्द माहा आहे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोलले, खूप बोलले, पोरांसमोर बोलू नये तेही बोलले. पण शब्द त्यांच्या हाती मीच दिला होता. मुलगी मात्र सरांकडे पाहत राहिली. मग तिनं नजर खाली केली आणि म्हणाली, “सरनं आयकलं असन. मले नसन आलं आयकू.”

त्यानंतर तिचा खेळ लागला नाही आणि ती हरली. तिनं नियमाप्रमाणं हात पुढं केला, घट्ट मिळवला. मुलगा उठून बाहेर पळाला. मोहरे सरांनी भरले.

मी त्यांना गाडीपाशी गाठलं. कुंपणानंच शेत खाल्लं, सर, म्हटलं. तर ते हेल्मेट पुसत म्हणाले, “पोरगं आहे माहं, मॅडम. घरी सगळ्यांले सांगून ठेवलं होतं. पोरीले पाठवू न पुढं कधी.” पुढं कधी? शाळाच सातवीपर्यंत आहे, हे काय त्यांना माहीत नव्हतं? पण मला खरा राग त्याचा नाही. पोटच्या पोरासाठी माणूस घसरतो, तेवढं मलाही कळतं. घसरताना त्यांनी जे वापरलं त्याचा मला राग आहे. इतकी वर्षं जो माणूस माझ्या डब्यातले वडे खात होता, तो असं करू शकतो हे मला दिसलं नाही, याचा तर फारच आहे. आता मी डबा वर्गातच खाते.

पुढच्या बाजारी मुलीची आई भेटली. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर तीच माझी समजूत काढू लागली. “जाऊ द्या, मॅडम. सरनं आयकलं म्हंते पोरगी. मंग खरंच असन. सर कायले खोटं बोलन?” तिनं मासोळ्या तोलल्या आणि वर एक जास्तीची टाकली. मी पैसे दिले आणि निघाले. घरी आल्यावर त्या मासोळ्या मला गेल्या नाहीत.

क्लब मी बंद केला नाही. सर आता तिकडे फिरकत नाहीत, त्यामुळे सगळं मीच पाहते. ती मुलगी वर्ष संपेपर्यंत येत राहिली, पण खेळायला बसली नाही. नुसती हात मागे बांधून उभी राहायची.

एका शनिवारी तिसरीतल्या दोन पोरांचं जुंपलं. एकानं उंटाला हात लावला होता, तो म्हणे सावरतो म्हणालो, दुसरा म्हणे नाही म्हणालास. मी सवयीनं म्हटलं, “हात मांडीवर. डोळ्यांत पाहून सांग.”

त्या चिमुरड्यानं हात मांडीवर ठेवले, समोरच्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाला, “म्हणलो.” हसू नाही, काही नाही.

दुसरा माझ्याकडे वळला. “मॅडम, पाहून काय होते? सरनंबी पाहूनच सांगतलं होतं.”

मागे ती मुलगी उभी होती. तिनं आधी त्या पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या दिवशी तिला बरोबर ऐकू आलं होतं, हे तिला तेव्हा कळलं.