कमलआत्याची पंगत

कमलआत्या जेवायला बोलवायची तेव्हा आधी विचारायची, "तुला सध्या कोण छळतंय?" शाळा, नळ, दवाखाना, जे नाव निघेल तिथला माणूस पुढच्या रविवारी तिच्या अंगणात तुमच्याच शेजारी भाकरी मोडताना दिसायचा.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची बौद्धवाडी. आत्या सरकारी नर्स म्हणून निवृत्त झाली, पण बूड टेकणं तिला कधी जमलं नाही. पंगतीत वाढता वाढता चुलीकडे पळायची, कान मात्र इकडेच. जेवायला येणाऱ्याने घरून काहीतरी आणायचं. कुणी सुकटीची चटणी आणी, कुणी वालाचं बिरडं. नियम एकच. "भात येईस्तोवर तक्रार काढायची नाय. भुकेला माणूस भांडत बसतो."

मी महाडला एका कचेरीत कारकून. साहेब दिसला की माझी मान आपोआप खाली जाते. बायको म्हणते, आत स्प्रिंग बसवलीय. तरी साहेबलोकांना आमंत्रण देण्याचं काम आत्या माझ्याच गळ्यात मारायची.

त्या वर्षी प्रश्न हिराकाकूचा होता. आत्याची शेजारीण, साखरेची पेशंट. वाडीची एकुलती एक एसटी गाडी सकाळी खाली जायची ती साडेदहाला परत फिरायची, आणि खालच्या दवाखान्यात डॉक्टर बसायचे अकराला. औषध घेतलं तर अख्खा चढ पायी. कंटाळून काकूने गोळ्याच सोडल्या. पायाची जखम चिघळायला लागली तशी आत्याची घालमेल वाढली.

"डॉक्टरला मी आणते," ती मला म्हणाली. "गाड्यांच्या वेळा ठरवतो त्या साहेबाला तू आण."

"अर्ज दिलेत ना आत्या तीन."

"मग चौथा तू."

साहेबांना आणलं. पण त्यांची इस्त्रीची पँट बघून माझा जीव वरखाली. शाळेतून टेबलखुर्ची मागून आणली, टेबलावर चादर घातली, बाटलीचं पाणी ठेवलं आणि त्यांना पंगतीपासून चार हात लांब बसवलं. केवढा मान राखला, असं मला वाटत होतं.

आत्याने पातेलं खाली ठेवलं. "हे कुणी केलं रे?"

"मी. मान म्हणून."

"माझ्या आजीला गावच्या पंगतीत असंच लांब बसवायचे," ती हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "माझ्या अंगणात कोण वेगळं बसणार नाय. साहेबसुद्धा नाय."

ती आजी म्हणजे माझी पणजी. कुठे बघावं ते मला कळेना. साहेबच उठले, बूट काढले आणि डॉक्टर व हिराकाकू यांच्या मधल्या जागेत दुसऱ्या प्रयत्नात मांडी घातली.

"जरा सरका," काकू म्हणाली. "पाय हाय तिथं माझा."

साहेबांनी खाली पाहिलं. पट्टीतून पाणी झिरपत होतं. भात यायच्या आतच त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "तुम्ही अकराच्या आधी का बसत नाही?"

"सकाळी दुसऱ्या गावात असतो. तुमची गाडी का थांबत नाही?"

साहेबांनी हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "अर्ज वाचले होते मी," ते म्हणाले. "पाय आज बघितला."

पंधरा दिवसांत गाडी साडेबाराला सुटायला लागली. काकूची जखम भरली. मी आत्याला म्हटलं, "आता तरी जरा बस."

"कशी बसू? रक्त तपासायला अजून महाडलाच जायला लागतंय."

गेल्या वर्षी आत्या चार दिवसांच्या तापाने गेली. डॉक्टर बदलले, साहेब बदलले, गाडी पुन्हा साडेदहावर आली. परवा हिराकाकू काठी टेकत माझ्या कचेरीचा जिना चढून आली. मी कागद पुढे ओढला. "सांग काकू, अर्ज लिहून देतो."

"अर्ज नको. रविवारी जेवायला कुणाकडे यायचं ते सांग."

गाड्यांच्या नव्या साहेबांच्या केबिनचं दारही मी अजून ढकललेलं नव्हतं. "आमच्याकडे," मी म्हणालो आणि संध्याकाळपर्यंत चारदा पाणी प्यायलो. बायकोला सांगायचा धीर होईना. घरी जाताना दोन किलो वाल घेतले आणि तिने काही विचारायच्या आत भिजत घातले.