गालावरचा वारा

मी रोज सकाळी दाढी करतो. आता घरात कोणाला त्याचं काही वाटत नाही, पण सुरुवातीला बायकोने मला सळो की पळो करून सोडलं होतं. "कुणाच्या वरातीला चाललाव?" असं ती आरशामागून विचारायची. पन्नाशी उलटलेला एसी मिस्त्री रोज गुळगुळीत होऊन कामावर निघाला, तर कोणतीही बायको विचारणारच. त्यातही डावा गाल मी दोनदा घोटतो. माझं पोट त्या गालावर चालतं.

हे नीट समजायचं तर आमचं काम थोडं सांगावं लागेल. एसीतला गॅस तांब्याच्या पाइपातून फिरतो. पाइप पुरला नाही की जोड द्यायचा. जोड द्यायचा म्हणजे टॉर्चच्या जाळाने तांबं लाल करायचं आणि फटीत रॉड वितळवून भरायचा. पण पाइपात साधी हवा असेल तर तापलेलं तांबं आतून काळं पडतं. बाहेरून जोड नवरीसारखा दिसतो आणि आत काजळी धरलेली असते. पुढे ती गॅसबरोबर सुटते, बारीक नळीत अडकते आणि एखाद्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर बसतो. म्हणून जोड देताना पाइपातून नायट्रोजन सोडतात. आतली हवा निघून जाते आणि तांबं आतून लखलखीत राहतं. मात्र तो सोडायचा अगदी हळू. जोर जास्त झाला तर वितळलेला रॉड उडतो आणि जोडाला सुईएवढी भोकं राहतात. कमी झाला तर पुन्हा काजळी.

हा अंदाज मी आयुष्यभर कानाने घेतला. पाइपाच्या उघड्या टोकाला कान लावायचा, बारीक 'सूं' ऐकू आलं की टॉर्च पेटवायची. वारा मोजायची काचेची नळी मिळते. आमच्या दुकानातली फुटली तेव्हा कोणी नवी आणली नाही, कारण तेव्हा सगळ्यांचे कान शाबूत होते.

मग माझे गेले. एकदम नाही, वरचे बारीक आवाज आधी गेले. डास ऐकू येईनासे झाले तेव्हा मला बरंच वाटलं. नंतर नायट्रोजन ऐकू येईना. कानात मशीन घातलं, त्याने माणसांचं बोलणं जवळून कळायचं, पण पाइपातला वारा त्यालाही सापडायचा नाही. त्या उन्हाळ्यात माझे दोन जोड गळाले. त्यातला एक भिंतीत बुजवलेला होता, भिंत फोडावी लागली. त्या घरातल्या बाईने मला जे सुनावलं ते मात्र मशीनमधून अगदी स्वच्छ ऐकू आलं.

दुकानाचे मालक भला माणूस. त्यांनी मला आत बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "मिस्त्री, लय वर्सं जाळापुढं काढली. आता काउंटरला बसा. खुर्ची हाय, पंखा हाय, आराम करा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला आराम नको होता. टॉर्च हातातून गेली तर मी कोण, हे मला सांगता आलं नसतं. बरीच हुज्जत घातल्यावर ठरलं की राणीसावरगावचं एक काम मी करायचं. तिथला जोडही भिंतीतच जाणार होता. तो गळाला, तर दुसऱ्या दिवसापासून खुर्ची.

राणीसावरगावचं ते घर तहसीलमधल्या एका कारकुनाचं. पुढे नवं स्लॅबचं घर आणि मागे शेरडांचा गोठा. एसीची बाहेरची मशीन गच्चीवर आणि खोली खाली, म्हणून पाइपाला जोड हवा होता. मी पोचलो तेव्हा अंगणात एक शेळी नुकतीच व्याली होती आणि कारकुनाची म्हातारी आई तिच्यापाशी बसली होती. पहिलं करडू उठून लटपटत होतं. दुसरं चिंधीसारखं पडलेलं. म्हातारीने त्याच्या नाकातला चिकटा काढला, पोत्याने अंग खसाखसा चोळलं. मग बादलीतल्या पाण्याने स्वतःचा गाल ओला केला आणि करडाच्या नाकपुडीपाशी धरला. थोडा वेळ ती तशीच राहिली. "चाललाय," एवढंच म्हणाली आणि पुन्हा चोळायला लागली. पुढे ते करडू ओरडलं. ते मला म्हातारीच्या चेहऱ्यावरून कळलं, ऐकू काही आलं नाही.

मी माझ्या कामाला लागलो. खरा जोड देण्याआधी उरलेल्या तुकड्यांवर हात बसवून बघावा म्हटलं. पहिला जोड दिला, त्यात भोकं. नायट्रोजन कमी करून दुसरा दिला आणि करवतीने उभा चिरून बघितला, तर आतून तव्याच्या बुडासारखा. तिसऱ्याचंही तेच. मी तो तुकडा असा भिरकावला की बादलीवर जाऊन आदळला. कारकून चहा घेऊन आला होता, त्याच्यावरही खेकसलो. बिचारा कप ठेवून निघून गेला.

म्हातारी हात पुसत आली. शेरडांना हाका मारून तयार झालेला तिचा आवाज, मशीन नसतं तरी ऐकू आला असता.

"काय रं मिस्त्री, पाइपाला कान लावून काय ऐकायलास?"

"वारा चाललाय का बगायलो, मावशी. कान गेले माजे."

इतकं सरळ मी हे तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही 'जरा कमी येतं' असंच म्हणायचो. म्हातारीने हळहळ केली नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

"वाऱ्याला कान कशाला लागतेत? गाल वला कर अन् धर."

मी आधी ओलं बोट धरलं. तिने ते झटकून टाकलं. "बोटं मेली असतेत काम करून. गाल धर म्हन्लं ना." मी गाल ओला करून टोकापाशी नेला. काहीच लागेना. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, शेळीचं वळवावं तसं.

"ही दाढी हाय का बोराटी? काटवनातून वारा कसा लागंल?"

आणि तिने लेकाला हाक मारून त्याचा वस्तरा आणायला लावला. ज्याच्यावर मी आत्ताच खेकसलो होतो तो माणूस निमूटपणे वस्तरा, साबण आणि आरसा घेऊन आला. अंगणात, बादलीपाशी, दोन करडांच्या साक्षीने मी डावा गाल तासला. उजव्याला सवड कुठली.

मग गाल पुन्हा ओला करून धरला आणि लागलं. ज्वारीच्या दाण्याएवढी गार जागा. रेग्युलेटरची किल्ली फिरवली तर ती जागा पसरायची, मागे घेतली तर विरून जायची. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. म्हातारीने मला बाजूला सारलं आणि स्वतःचा सुरकुतलेला गाल पाइपाला लावला. "लय झालं. आनखी बारीक कर. आनखी. हां, करडाचा श्वास हितका असतोय. ऱ्हाऊ दे."

तेवढ्यावर ठेवून मी तुकड्याला जोड दिला, चिरला. जोडाला एक भोक नाही आणि आत तांबं जसंच्या तसं, लखलखीत. मी तो तुकडा तिच्या हातात दिला. तिने तो उलटासुलटा करून बघितला, "ब्येस हाय की," म्हणाली आणि शेळीकडे गेली.

खरा जोड त्याच अंदाजाने दिला. मग नळ्या बंद करून आत नायट्रोजनचा दाब भरला आणि मुक्कामाला थांबलो. सकाळी बघितलं तर दाबाचा काटा होता तिथेच होता. माझा जीव भांड्यात पडला. काटा बघताना डोळे भरून आले, ते मी तोंड धुतलेल्या साबणावर ढकललं.

आभार मानायची आमच्याकडे तोंडाने रीत नाही. मी नुसतं "येतो मावशी" म्हणालो आणि अर्धी दाढी घेऊन जीपमध्ये बसलो. गंगाखेडपर्यंत लोक माझ्याकडे बघत होते. पण इतका खूश मी माझ्या लग्नातही नव्हतो.

पुढे मालकांनी काचेची नळी आणली. मी तिच्याकडे बघतो आणि गालही लावतो. दर उन्हाळ्याआधी त्या घरी सर्व्हिसिंगला मीच जायचो. एसीत म्हातारी कधी बसली नाही, तिला हुडहुडी भरायची. मी दिसलो की ती पालथा हात माझ्या डाव्या गालावरून फिरवायची. "केलीस का?" विचारायची. केलेली असायचीच.

यंदा होळीच्या आधी कारकुनाचा मोबाइलवर निरोप आला. फोन मला नीट ऐकू येत नाही म्हणून त्याने लिहून पाठवलं होतं, 'आई गेली.' मी मातीला जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गालाला साबण लावला, वस्तरा उचलला आणि हात पुढे जाईना. साबण धुऊन टाकला. बायको म्हणाली, "आपल्याला सुतक न्हाई. आपलं काय नातं?" मी तोंड पुसलं आणि डबा घेऊन निघालो.

खुंट वाढलेल्या गालाला वारा कळत नाही. म्हणून दुकानात गेल्यावर मीच मालकांना म्हणालो, दहाव्यापर्यंत काउंटरला बसतो. ज्या खुर्चीवरून मी एवढं रान उठवलं होतं तिच्यात मला बसलेलं बघून ते चक्रावले.

"कोन गेलं, मिस्त्री?"

"जिनं मला हितं बसू दिलं न्हाई, ती," मी म्हणालो.

दहाव्याला राणीसावरगावला गेलो. कारकुनाने न विचारता बादली, साबण आणि वस्तरा अंगणात आणून ठेवला. त्याची दाढी आटोपल्यावर तिथेच मी माझी केली, डावा गाल दोनदा. दुसऱ्या दिवशी पिंगळीला काम होतं. पाइपात नायट्रोजन सोडला, गाल ओला केला आणि टोकापाशी धरला. किल्ली हळूहळू मागे घेत गेलो, ती म्हणायची तसं, आनखी बारीक, आनखी. करडाच्या श्वासाएवढा वारा लागला तेव्हा थांबलो आणि टॉर्च पेटवली.